आळशी डोळा आणि बाबांची दाढ

माझा डावा डोळा आळशी आहे, हे मी दुसरीत असताना कळलं. डोळ्यात दोष नव्हता, मेंदूच त्याला विचारत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "उजव्यानं मेंदूतली सगळी जागा बळकावलीय. उजवा झाका, म्हणजे डावा कामाला लागेल. पण लवकर. या जोडण्या लहानपणीच बदलतात. वय गेलं की हा डोळा असून नसल्यासारखा."

बाबा ओझरच्या कारखान्यात होते. त्यांना हे पटेना. "राबणाऱ्याला घरी बसवायचं आणि कामचुकाराला ओव्हरटाइम? आमच्याकडे युनियन गेटवर येईल." तरी पट्टी लागलीच.

मग पंचवटीतली आमची अख्खी गल्ली मला बघायला आली, बिस्किटांचे पुडे घेऊन. सगळे झाकलेल्या डोळ्याकडे बघून हळहळायचे. त्या धडधाकट डोळ्याची एवढी सरबराई बघून माझं डोकं फिरायचं. पुडे मात्र मी ठेवून घ्यायचे.

डाव्याला बारीक काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईनं तांदळाचं ताट पुढ्यात सरकवलं. मला नुसता पांढरा धुरळा दिसत होता. मी चाचपून खडे वेचायला लागले, तर तिनं हातावर फटका दिला. "बोटांना नाही, डोळ्याला शिकवायचंय."

बाबांनी फर्मान काढलं, मी निवडलेले तांदूळ पुन्हा कुणी बघायचे नाहीत. त्यांचा भात वेगळ्या पातेल्यात शिजायचा आणि तो एकटे बाबा खायचे. खडा लागला की म्हणायचे, "डावे आज रजेवर होते वाटतं." मला रडू यायचं, रागानं.

हळूहळू खडे लागेनासे झाले. मी शेफारले. मग एका दुपारी बघते तर काय, आई तांदळात मूठभर खडे कालवत होती. मी घर डोक्यावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "वाणी हल्ली साफ तांदूळ देतो. मग डोळा काय वेचणार, कपाळ?"

"बाबांना सांगते."

"सांग की. तेच आणतात, जेवणाच्या डब्यातून. तांदळासारखे दिसणारे शोधून."

त्या संध्याकाळी जेवताना कडकन आवाज झाला. बाबांनी तोंडातून काहीतरी काढून तळहातावर धरलं. "हा बरा दिसला नाही तुला?"

उजव्यावर पट्टी होतीच. मी बसल्या जागेवरून डाव्यानं निरखून पाहिलं. "बाबा, हा खडा नाही. तुमच्या दाढेचा तुकडा आहे."

बाबांच्या ओठावर रक्त आलं होतं, आणि ते स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला सांगत होते, "अगं, दिसलं तिला. इथून दिसलं."