ली काकूंचा लाल थर्मास

ली काकूंना कुणाच्या हातात बर्फाचं काही दिसलं की त्या सरळ हिसकावून घ्यायच्या. अबू धाबीत! जिथे उन्हाळ्यात नळाचं पाणीही चटका देतं, तिथे या बाईंनी लिफ्टमध्ये माझ्या हातातली कोल्ड कॉफी काढून घेतली आणि खाली उतरताच लॉबीतल्या कुंडीत ओतली. आमची ओळख ही अशी झाली. पाळीचा दुसरा दिवस, मी लिफ्टच्या दांडीला धरून वाकडी झालेली, आणि त्यात हे. असा संताप आला होता म्हणून सांगू!

अल रीम बेटावरच्या आमच्या टॉवरमध्ये त्या समोरच्याच फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायच्या. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. चिनीखेरीज एक भाषा येईल तर शपथ. इथे येऊन शिकलेले अरबी शब्द दोनच, यल्ला म्हणजे चल, आटप आणि खलास म्हणजे संपलं. बाकी सगळं त्यांचा फोन बोलायचा. काकू चिनीत काहीतरी म्हणायच्या आणि फोन बातम्या वाचणाऱ्या बाईच्या आवाजात ते हिंदीत सांगायचा. पहिल्याच दिवशी त्याने जाहीर केलं, "ठंडा पी-पीकर तुम्हारा खून बैठ गया है. उसे चलाना पड़ेगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात लाल थर्मास हजर. आत काळाकुट्ट काढा. कसली कसली मुळं, बिया आणि तळाशी केशरी पाकळ्या. मी सोलापूरकडची, पाकळ्या लगेच ओळखल्या. करडई! म्हणजे चीनहून आलेलं औषध आमच्याच बांधावरचं निघालं. चव मात्र लाकडाची वखार भिजवून प्यायल्यासारखी. काकू दारातून हलायच्या नाहीत. "यल्ला!" ग्लास रिकामा झाला की "खलास!" आणि वळून चालू लागायच्या.

पुढचा घोळ माझ्या वळणाने घातला. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईने अंगात भिनवलेलं. मी थर्मास विसळला, कोरडा केला आणि शंकरपाळे भरून दिले. काकूंना वाटलं, औषध फारच आवडलेलं दिसतंय, आणखी हवंय. संध्याकाळी थर्मास परत, काठोकाठ. मी चिवडा दिला, पुन्हा काढा. चकल्या दिल्या, पुन्हा काढा. नवरा म्हणाला, "अगं, एकदा रिकामा देऊन टाक ना!" हात धजायचा नाही. कित्येक महिने मी त्यांचा काढा गिळतेय आणि त्या माझा फराळ.

त्यांच्या चौकशा तर विचारूच नका. भर कॉरिडॉरमध्ये, सिक्युरिटीवाला समोर उभा, आणि फोन खणखणीत आवाजात विचारतोय, "खून का रंग कैसा है? थक्के आते हैं?" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खरं सांगू? हे प्रश्न मला दुसऱ्या कुणी कधी विचारलेच नव्हते. आई व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "आम्ही नाही का काढले दिवस?" नवरा म्हणायचा, "गोळी घे आणि पड." क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या होत्या, "इट्स नॉर्मल." दर महिन्याला जमिनीवर गडबडा लोळणं यांना नॉर्मल! चीड यायची, पण चिडायलाही अंगात त्राण लागतं.

आणि काढ्याचा गुण येईना. दुखणं तसूभर कमी झालं नाही, अंगावरून जाणं मात्र वाढलं. एका दुपारी मी बाथरूमच्या फरशीवर पडले होते. घाबरून माझी लेक ईशा काकूंना घेऊन आली. काकू बाजूला बसल्या, माझ्या पोटावर तळवा ठेवून चाचपत राहिल्या. मग फोन बोलला, "मेरी दवा हार गई. गड़बड़ कहीं और है." पुढचं त्या स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या, "खलास. डॉक्टर. यल्ला."

नवरा मीटिंगमध्ये. काकूंनीच मला टॅक्सीत घातलं. हॉस्पिटलच्या डॉक्टरनेही 'नॉर्मल'पासूनच सुरुवात केली, तर बाईंनी फोन त्याच्या नाकासमोर धरला. "नॉर्मल नहीं है. मैं हर महीने देख रही हूँ." मग कुठे तपासण्या झाल्या. एंडोमेट्रिओसिस निघालं, म्हणजे गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर भलतीकडेच वाढत होतं. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, तो काढा आजपासून बंद, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. काकूंनी मान डोलावली. इतकी हट्टी बाई, पण एका शब्दाने वाद घातला नाही.

ऑपरेशननंतर मी घरी पडून होते आणि थर्मास माझ्याकडेच होता. उभी राहिले की बेसनाचे लाडू भरून द्यायचा, असं ठरवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या मुलाची नोकरी गेली आणि बघता बघता बिऱ्हाड उठलं. या देशात माणसं अशीच जातात, काल समोर दार उघडं, आज नवं कुलूप. काकू निरोपाला आल्या होत्या म्हणे. नवऱ्याला वाटलं, पुन्हा काढा घेऊन आल्या. त्याने सांगितलं, "ती झोपलीय, नंतर या." नंतर! विमानतळावर निघालेल्या बाईला! नंबर घेतलास का विचारलं, तर म्हणे सुचलं नाही. तो राग माझा अजून उतरलेला नाही, आणि उतरवायचाही नाही मला.

गेल्या महिन्यात ईशा शाळेतून आली ती पोट धरून. हातात बर्फ घातलेलं पाणी.

"काय होतंय गं?"

"नथिंग, आई. पिरियड्स. इट्स नॉर्मल."

मी तिच्या हातातला ग्लास हिसकावला आणि सिंकमध्ये ओतला.

"आई! व्हॉट आर यू डूइंग?"

कपाटातून लाल थर्मास काढला, गरम पाण्याने काठोकाठ भरला आणि तिच्यासमोर जाऊन बसले.

"नॉर्मल आहे की नाही ते नंतर बघू. आधी मला सांग, रंग कसा आहे? गाठी पडतात? यल्ला, बोल."