मागच्या ओळीतून

थप्पड बसली तेव्हा बॉल अजून हवेत होता. कान बधिर झाला, दात जिभेत रुतले. मॅडम म्हणाल्या, "मागं हो. दोन बुकं शिकलीस म्हणून पुढं येऊन उभी राहणार?" पाठोपाठ त्यांनी माझ्या जातीचं नाव घेतलं. सगळं मराठीत. मैदानावरच्या बाकी दहा जणींना त्यातलं काहीच कळलं नाही.

सौदीतल्या ताइफ शहराचं सरकारी हॉस्पिटल आणि त्यामागं आम्हा नर्सेसचं हॉस्टेल. तेलाचा पैसा नुसता वाहत होता. दर दोन-चार महिन्यांनी नवा वॉर्ड उघडायचा आणि मुलींची नवी बस भरून यायची. हॉस्टेलला दोन पुरुष उंच भिंत, आत धुळीचं अंगण, अंगणात जाळी. शुक्रवारी नमाजानंतर आम्ही तिथं व्हॉलीबॉल खेळायचो. मॅडम म्हणजे नर्सिंग सुपरिंटेंडेंट, मोठ्या मराठी सर्जनची बायको. मुंबईत इंटरव्ह्यूत घरचं सगळं विचारून मला त्यांनीच निवडलं होतं. आमचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात असत.

व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस आपल्याकडं आली की सहाही जणी एकेक जागा सरकतात. मागची पुढं येते, पुढची मागं जाते. कुणालाच कायमची जागा नसते. मॅडमनी हा नियम मोडीत काढला होता. जाळीजवळची मधली जागा त्यांची, कायमची. मागचा कोपरा माझा, कायमचा. बॉल बाहेर गेला की पळत जाऊन आणायचा तोही मीच. वर्षभर मी मुकाट्यानं आणत होते.

त्या शुक्रवारी लुझ पहिल्यांदा खेळायला उतरली. फिलिपिन्सची, नवीनच आलेली, माझ्याच खोलीत राहायची. तिनं आमचा खेळ बघितला आणि ओरडली, "रोटेट!" मी नकळत एक जागा पुढं सरकले. मॅडमच्या शेजारी. एवढाच माझा गुन्हा.

खोलीत लुझनं विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

मी म्हणाले, "माझा पाय रेषेवर पडला. चूक माझी होती."

खोटं बोलले. कारण या देशात माझी जात कुणाला माहीत नव्हती. पेशंट माझ्या हातचं पाणी प्यायचे, म्हाताऱ्या बायका माझ्या डोक्यावर हात ठेवून दुवा द्यायच्या. तिला सांगायचं म्हणजे ती घाण मीच उचलून खोलीत आणायची. आणि भीतीही होती. माझी आय तालुक्याच्या दवाखान्यात झाडू मारायची. मी इकडं आले आणि ते काम सुटलं. मॅडमची एक तक्रार, की पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, कायमचं परत पाठवायचा शिक्का. आय परत त्याच दवाखान्यात संडास धूत बसणार. म्हणून मी थप्पड गिळली. रात्रंदिवस एकच विचार डोक्यात असायचा, ड्रेसिंगची कात्री घ्यावी आणि मॅडमच्या हातात खुपसावी.

लुझ माझ्या खोट्याला फसली नाही. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मला अंगणात घेऊन गेली आणि सहा फुटांवरून बॉल माझ्या तोंडावर मारला. नाक फुटलं. "डोळे मिटू नकोस," एवढंच म्हणाली. रोज मारायची. माझे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे झाले. वॉर्डात लांब बाह्या घालून फिरायचे. महिन्याभरानं डोळे मिटायचे थांबले.

तिनं स्वतःचं सांगितलं ते असंच, घाम पुसता पुसता. कोळ्यांच्या वस्तीत वाढलेली. मासे धरायचं फाटकं जाळं बांधून खेळायला शिकली. खेळावर कॉलेजात फुकट प्रवेश मिळाला, एकोणिसाव्या वर्षी देशाच्या संघात गेली. परदेशात सामने खेळली. तिचा कोच डोळे मिटणाऱ्या पोरींना बॉलनं तोंडावर मारायचा. हरलं की वेताच्या छडीनं मांड्यांवर. एका मोठ्या सामन्यात मध्येच त्यानं सगळ्यांत लहान पोरीचे केस धरून तिला खांबावर आपटलं. लुझनं सर्व्हिस टाकली नाही. बॉल खाली ठेवला आणि चालत बाहेर गेली. परत संघात कधी घेतलं नाही.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं. अजून वाटतं," ती म्हणाली. "पण मी गेले नसते तर ते जास्त सलत राहिलं असतं."

मी मान खाली घातली. माझं खोटं मी अजून मागं घेतलं नव्हतं.

मग तो दिवस आला. हॉस्पिटलच्या डायरेक्टरची बायको आणि तिच्या मैत्रिणी सामना बघायला येणार होत्या. अंगणात गालिचे पसरले, खजूर आणि गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला. मॅडम कॅप्टन. लुझनं सांगून टाकलं होतं, मी खेळायला हवी असेन तर ही पण खेळेल. सर्व्हिस आमच्याकडं आली. मी एक जागा पुढं सरकले.

मॅडम माझ्याकडं न बघता, हसऱ्या तोंडानं बोलल्या. तेच. जातीसकट. वर म्हणाल्या, "तुझी आई संडास धुते, तू माझ्या शेजारी उभी राहतेस?"

लुझच्या हातात बॉल होता. "व्हॉट डिड शी से?"

या खेपेला मी सांगितलं. शब्दाला शब्द, मोठ्या आवाजात, इंग्रजीत. आमच्या संघातल्या सुदानी सिस्टरनं ते अरबीत पाहुण्यांना सांगितलं. गालिच्यावरच्या बायका मॅडमकडं बघायला लागल्या.

मॅडमचा हात आला. अंगठीनं माझा ओठ फाडला. मी डोळे मिटले नाहीत. दुसऱ्यांदा हात उठला, तो मी वरच्यावर धरला. त्यांच्या बांगड्या माझ्या मुठीत फुटल्या. माझं रक्त, त्यांचं रक्त, दोन्ही एकाच धुळीत पडलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं. तोवर लुझनं बॉल ठेवून जाळीची दोरी सोडली होती. सामना खलास.

लुझचा करार आठवड्यात रद्द झाला. बसमध्ये चढताना तिनं माझा ओठ बघितला, टाका नीट बसलाय म्हणाली.

मग मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. त्या फिलिपिनो नर्सनं मला भडकवलं, मी माफी मागते, असा मजकूर. "सही कर. नोकरी राहील. आईचा तरी विचार कर," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. त्यांच्या मनगटाला पट्टी होती.

मी आयचा विचार केला. बराच वेळ केला. मग कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मॅडमनी मला दोन्ही वेळा काय म्हटलं ते लिहिलं. जातीचं नाव पूर्ण लिहिलं. खाली सही केली.

"गावाला जाऊन काय करणार आहेस?" मॅडमचा आवाज चिरकला.

"गावातही तुमच्यासारख्या मॅडम आहेत," मी म्हणाले. "त्यांना भेटायचंय."

मला परत पाठवलं. आयनं झाडू परत धरला, तो मी धरायला लावला, हे मी विसरणार नाही आणि कुणाला विसरू देणार नाही. पण माझा अपमान झाकायचं काम मी सोडलंय. उठेल तो हात धरणार. बोलेल त्याचे शब्द भर कचेरीत, त्याच्या नावानिशी वाचून दाखवणार. नोकरी जाईल. परत जाईल. जाऊ दे.