दादासोंनी न ओढलेला चाप

मंगळवार पेठेत दादासोंबद्दल एक गोष्ट पक्की मानली जाते. तरुणपणी त्यांनी राधानगरीच्या जंगलात एकाला गोळी घातली, तेव्हापासून त्यांचं बोलणं कमी झालं. टपरीवर ही गोष्ट सांगणारा आधी मागं बघतो, मग आवाज घोगरा करतो : "डायरेक छातीत! पण आपुन बोलायचं न्हाय."

खरं सांगायचं तर माणूस सोडाच, दादासोंनी आयुष्यात पत्र्याचा डबासुद्धा उडवलेला नाही. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की गल्लीत पहिली कानात बोटं त्यांची. जैनाचं घर. वडिलांकडून हत्यारं दुरुस्तीचं लायसन आलं आणि आईकडून व्रत : नीट करायचं, झाडायचं नाही. बँकेचे राखणदार आणि नेमबाजीची पोरं यांची पिस्तुलं ते उघडतात, काजळी पुसतात, तेलाचं बोट फिरवतात, दमलेली स्प्रिंग बदलतात. मग बिनदारूच्या खोट्या गोळ्या भरून वरची सरकती स्लाइड हातानं मागं-पुढं करतात आणि कान लावून ऐकतात. शेवटी मालकाला म्हणतात, "जावा, मारून बघा. आन् मला सांगा." तो सांगेपर्यंत त्यांना चहा गोड लागत नाही.

यंदा पावसाळ्यात गडहिंग्लजच्या शांभवीचं पिस्तूल आलं. खेळातलं, पॉइंट बावीसचं. राज्याची निवड चाचणी तोंडावर, आणि रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकणारा नखाएवढा आकडा तुटलेला. नवा आकडा परदेशातून निघाला होता, पण कस्टममध्ये अडकून पडला होता. दादासोंनी मोडीत काढलेल्या तसल्याच पिस्तुलाचा आकडा बसवला. दुकानात खोट्या गोळ्यांवर पिस्तूल लोण्यासारखं चाललं. रेंजवर खऱ्या गोळ्या भरल्या, की चौथ्या-पाचव्या बाराला पुंगळी अडकायचीच.

"अडकायच्या आधी हाताला काय लागतंय, पोरी?" दादासो विचारायचे.

"जरा ढिल्लं लागतंय, काका."

"ढिल्लं म्हंजे पुढं का मागं?"

"अय्यो! बार उडल्यावर कुठलं पुढं न् कुठलं मागं! तुम्हीच एकदा मारून बघा की. तुमच्या हाताला लगेच कळंल."

तिचे प्रशिक्षक वीरभद्र सरही कावले होते. "ओ दादासो, समोर कागद हाय! कागदाला जीव असतोय व्हय?"

घरी त्यांच्या पत्नी त्रिशलाकाकूंनी मार्ग काढला. "म्हाराजांना इचारा. प्रायश्चित्त सांगतील, घ्या न् मोकळं व्हा."

"म्हाराजांना इचारीन गं. आईला कुठनं इचारू?"

मी त्यांच्या दुकानाशेजारीच राहतो. त्या संध्याकाळी दुकानात जाऊन म्हणालो, "उद्या तुम्ही मारताय बघा. लागली पैज!"

दादासोंनी चष्म्यावरून बघितलं. "लागली. हरलास तर चातुर्मासभर दिवस मावळायच्या आत जेवायचं. वडापावसुद्धा न्हाय."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"मी हरलो तर पोरगी जिंकंल की."

दुसऱ्या दिवशी ते रेंजवर आले. शांभवीनं त्यांच्या कानांवर आवाज अडवणारं टोपण चढवलं, उभं कसं राहायचं ते दाखवलं. दादासोंनी पिस्तूल उचललं. त्याचा खिळा न् खिळा ज्यांना ठाऊक, त्यांनी ते परक्याचं तान्हं पोर धरावं तसं धरलं. बोट चापापर्यंत गेलं. वीरभद्र सर कुजबुजले, "वढा की, वढा..." बोट वाकेना. पाठीवरचा शर्ट घामानं चिकटला, तरी वाकेना. त्यांनी पिस्तूल हळूच टेबलावर ठेवलं.

"न्हाय जमत गं, बाळा."

शांभवीनं ते उचललं. तिनंच बार काढले. दादासो मागं डोळे मिटून ऐकत राहिले. चौथ्याला अडकलं. त्यांनी पिस्तूल उघडलं, पुसलं, मिटलं. दुसरं काय करणार?

पुण्यात चाचणीत दोनदा अडकलं आणि शांभवीची निवड हुकली. तिचा फोन आला तेव्हा दादासो एवढंच म्हणाले, "व्हय." फोन कटला तरी कानाला तसाच. नवा आकडा त्यानंतर आला. त्यांनी तो बसवला, तिच्या हातात पिस्तूल दिलं. "मारून बघा" मात्र म्हणवलं नाही.

पैज मी हरलो. उजेड असतानाच ताटावर बसतो. बाहेर गाड्यावर भजी तळत असतात. दुकान बंद करून जाताना दादासो माझ्या घरात डोकावतात.

"जेवलास?"

"जेवलो की."

"बरं," म्हणतात, आणि दारातच उभे राहतात.