मराठीत नको असलेलं पान

"मावशी, उठा तिथून. ही मीटिंग कंपनीच्या माणसांसाठी आहे."

वाळूजच्या आमच्या कारखान्यात विम्याचे सल्लागार आले होते. आजारपण, बाळंतपण, अपघात, कशात काय मिळतं ते पडद्यावर दाखवत होते. शेवटच्या रांगेत, खुर्चीच्या कडेवर, झाडू मांडीवर आडवा घेऊन एक बाई ऐकत बसली होती. एचआरच्या साहेबांनी तिला उठवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, आधी चहाचे कप उचला, मग विमा काढू." हॉल हसला.

ती माझी आई होती.

मी पुढे फॉर्म वाटत होते. एचआरची क्लार्क. आई ठेकेदाराकडून साफसफाईला होती, माझ्या आधीपासून. मला नोकरी लागली त्या दिवशीच तिनं बजावलं होतं, "तिथं मला आई म्हणू नको. तुला कमी लेखतील." मी ते पाळलं. फार सहज पाळलं. त्या दिवशीही मान खाली घालून पुढचा फॉर्म दिला.

घरी ती एवढंच म्हणाली, "लई गार हवा होती तिथं. म्हणून बसले."

जेवताना मात्र तिनं विचारलं, "ते विम्याचं कार्ड ठेकेदाराच्या बायांला भेटत नाय का गं?"

"बघते," मी म्हणाले. बघितलं नाही. साहेबांनी विचारलं असतं, तुम्हाला का एवढी काळजी? त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं.

पुढे तिच्या छातीत दुखायला लागलं. "पित्त हाय," म्हणायची. ओवा चावायची. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. कार्ड असतं तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण ती आधी दवाखान्यात गेली असती, हे माहीत आहे.

रजेच्या अर्जावर मी आईचं निधन लिहिलं. साहेब हळहळले. आई कोण, ते त्यांना कळलं नाही. ठेकेदारानं तिच्या जागी दुसरी बाई पाठवली. साहेब तिलाही मावशीच म्हणाले.

या महिन्यात त्यांनी सल्लागारांची इंग्रजी पुस्तिका माझ्यासमोर ठेवली. मालकांसाठी केलेली. "तुम्ही वाचता-बिचता. मराठी करा, बोर्डावर लावू."

मी सावकाश वाचत गेले. एका पानावर होतं: ठेकेदाराच्या कामगारांची विम्यात नोंदणी झाली की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीची.

पुस्तिका गेल्या वर्षीचीच होती. तोवर माझ्याच खुर्चीमागच्या कपाटात पडून होती.

साहेबांनी माझं मराठी चाळलं. "हे पान मराठीत नको. उगाच गोंधळ होतो."

"राहील," मी म्हणाले.

"का पण?"

"तुम्ही हॉलमधून उठवलेली बाई माझी आई होती."

त्यांनी कागद खाली ठेवले. मग म्हणाले, "अहो, आधी सांगायचं ना. काहीतरी केलं असतं."

क्लार्कची आई निघाली म्हणून केलं असतं. बाकीच्या बायांचं काय?

ते पान मी बोर्डावर लावलं. तासाभरात ते काढलेलं होतं. पुन्हा लावलं. जेवणाच्या सुट्टीत साफसफाईच्या सहा जणींना वाचून दाखवलं, विम्यात नोंदणीसाठी त्यांचा अर्ज लिहिला. उद्या तो विमा कार्यालयात मी स्वतः देणार आहे. नोकरी जाईल. गप्प बसून ती टिकवली तेव्हा काय गेलं, ते मला कळलंय.

अर्जाखाली त्या सहा जणींसोबत मीही सही केली आहे. माझं नाव, मग आईचं नाव, मग आडनाव.