एकाच दुपारी दोन सामने

विनिफ्रेड ॲशवर्थ माझी शेजारीण. आमच्या मागच्या अंगणांच्या मधे कमरेइतकी भिंत आहे. त्या भिंतीवर कोपर टेकून आम्ही दोघी चौतीस वर्षं बोलत आलो. सगळं हॅल्डनशॉ तिला विनी म्हणतं. शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायचं काम करते, वय त्रेसष्ट, लग्न केलं नाही. करायला वेळच नव्हता म्हणा. तिची आई एकोणीस वर्षं अंथरुणाला खिळलेली. सकाळी शाळा, दुपारपासून आई, रात्री आई. आठवड्यातले सहा दिवस विनीचे नव्हतेच.

शनिवार मात्र तिचा. शनिवारी मी तिच्या आईपाशी बसायची, सूप भरवायची, रोझरीची जपमाळ म्हणायची, आणि विनी टाउनच्या मागे जायची. टाउन म्हणजे आमच्या गावचा फुटबॉल क्लब, सामना शनिवारी दुपारी तीनला. घरच्या मैदानावर सामना असला तर चालत, परगावी असला तर सकाळी चर्चसमोरून सुटणाऱ्या चाहत्यांच्या बसनं. जिंकले काय, हरले काय, परत आली की गाल लाल असायचे आणि आईला ती तासभर सगळं सांगत बसायची. आईला टाउनचं काडीचं कौतुक नव्हतं, पण ऐकायची.

शेवटी आई गेली, तिचं दफन शुक्रवारी झालं. शनिवारी विनी बसमध्ये होती. गावात कुजबुज झाली. मी माझ्या रोजनिशीच्या वहीत तेव्हा एवढंच लिहिलं, 'विनी प्लिमथला गेली. देवा, तिला सुखरूप आण.' दुसरीकडे कुठे जाणार होती ती?

आता मुद्द्याचं. परगावच्या सामन्यांना टाउनच्या वाट्याला सहाशे तिकिटं येतात आणि मागणारे तीन हजार. म्हणून क्लबनं यादी केली आहे. जो जितके सामने पाहील तितके त्याचे गुण. निष्ठेचे गुण, असं नाव दिलंय त्याला. पहिल्या सहाशांना तिकीट, बाकीच्यांनी घरी बसायचं. विनी वर्षानुवर्षं पहिल्या शंभरात असायची. मग नवे मालक आले आणि त्यांनी हंगामापूर्वीचे उन्हाळी सामनेसुद्धा गुणांत धरायला सुरुवात केली. पहिल्या उन्हाळ्यात संघ अमेरिकेला गेला, दुसऱ्या उन्हाळ्यात आणखी लांब. ज्यांना रजा मिळते, ज्यांना परवडतं, ते गेले आणि विनीच्या डोक्यावर चढून बसले. या जूनमध्ये तिचा नंबर पाचशे अठ्ठ्याऐंशी होता.

"मोना, बारा माणसं," ती भिंतीपलीकडून म्हणाली. "माझ्यामागे फक्त बारा. तेरावा पुढे गेला की मी संपले."

"अगं, असं अभद्र बोलू नकोस."

"अभद्र नाही, खरं आहे ते."

या वर्षीचे उन्हाळी सामने जाहीर झाले. एक ऑस्ट्रियात बुधवारी, आणि दुसरा त्याच आठवड्यात शनिवारी, इथून सहा मैलांवर क्रॉफ्टन ब्रिजला. विनी हरखली. दोन्ही जमत होते. चाहत्यांची बस सोमवारी निघून शुक्रवारी परत येणार होती. शाळा संपायला एक आठवडा बाकी असताना मुख्याध्यापिकेच्या मागे लागून लागून तिनं पाच दिवसांची रजा काढली. माझ्याकडून मोठा थर्मास नेला. मानेखाली घ्यायची फुगवायची उशी आणली आणि ती अंगणात फुगवून दाखवली.

जायला दहा दिवस उरले असताना क्लबनं ऑस्ट्रियाचा सामना शनिवारवर ढकलला. टीव्हीवाल्यांना शनिवार हवा होता म्हणे. क्रॉफ्टन ब्रिजचा सामना मात्र हलवला नाही. अर्धा संघ इथे, अर्धा तिथे. दोन्ही सामने आमच्या घड्याळाप्रमाणे दुपारी तीनला, आणि दोन्हींना गुण.

विनीनं तिकीट खिडकीला फोन लावला तो माझ्याच स्वयंपाकघरातून. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"दोन्ही सामने एकाच वेळी आहेत," विनी म्हणाली.

"हो, चाहत्यांना निवड करता यावी म्हणून."

"निवड कसली? एक निवडला की दुसऱ्याचे गुण गेले ना?"

"तसंच आहे ते."

"मग जो दोन्हीकडे जाईल तो पुढे जाणार?"

पलीकडचा पोरगा म्हणाला, "दोन्हीकडे कोणी जाऊ शकत नाही, मॅडम."

पण त्याचं चुकत होतं, आणि हे विनीला आणि त्याला दोघांनाही ठाऊक होतं. आमच्याकडे जुनी रीत आहे. माणूस आजारी पडला, घरात बाळंतपण निघालं, की त्याचं सदस्यत्वाचं कार्ड मित्राच्या खिशातून सामन्याला जातं. फाटकावर यंत्राला कार्ड दाखवायचं, यंत्र टिंग करतं, गुण जमा. यंत्र तोंड बघत नाही. क्लबच्या नियमात हे बसत नाही, पण निम्मी यादी असं करते.

विनीनं मात्र एक्केचाळीस वर्षांत ते कधी केलं नव्हतं. न्यूमोनिया झाला तेव्हासुद्धा स्वतः गेली होती.

ऑस्ट्रियाला तिला आता जाता येत नव्हतं. बदललेली बस मंगळवारी परतणार होती आणि सोमवारी शाळेतलं वर्षाचं शेवटचं मोठं जेवण. मुख्याध्यापिका रजेचं नाव काढू देईना. मग राहिलं कार्ड. केनेथ क्लेग, म्हणजे आमचा केन, ऑस्ट्रियाला जाणार होता. निवृत्त प्लंबर, आमच्याच चर्चमधला, बसमध्ये विनीच्या शेजारी बसणारा. त्याची बायको मॉयरा गेल्या हिवाळ्यात गेली.

"हे खोटं आहे, विनी," मी म्हणाले.

"मी काय खोटं बोलतेय? मी तोंडच उघडणार नाहीये. कार्ड जाईल, कार्ड येईल."

"देवाला काय सांगशील?"

"देवाला सांगेन की आधी त्यांनी एका संघाचे दोन केले, मग मी एका विनीच्या दोन केल्या." मग तिचा चेहराच बदलला. "मोना, मला दुसरं काय आहे गं?"

पुढचं लिहिताना मला माझी लाज वाटते, पण लिहिते. रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधली उपासना संपल्यावर, केनकडे ते कार्ड मीच दिलं. विनीची हिंमत होत नव्हती, ती बाहेर थांबली होती. मी भजनांच्या पुस्तकात घालून नेलं आणि पवित्र पाण्याच्या भांड्याशेजारी उभं राहून त्याच्या हातात ठेवलं. केननं ते शर्टाच्या खिशात घातलं आणि म्हणाला, "विनीला सांग, बसमध्ये तिच्या कार्डाला मी खिडकीजवळची जागा देईन."

शनिवारी क्रॉफ्टन ब्रिजला पाऊस होता. जेरार्ड, म्हणजे माझे यजमान, विनीला गाडीनं सोडून आले. दीडशे माणसंही नव्हती. तिथे यंत्र नसतं, दारावरचा माणूस नावाचं तिकीट फाडून घेतो आणि त्यावरचा नंबर क्लबला कळवतो. टाउनची पोरंटोरं खेळली, चार गोल खाऊन हरली. तरी विनी आनंदात परत आली. क्लबच्या छायाचित्रकारानं तिचा फोटो काढला होता. प्लास्टिकची टोपी, हातात चहा, शेजारी पाणी निथळणारा गोलरक्षक.

"माझ्या जन्मात पहिल्यांदा क्लबनं माझा फोटो काढला," ती म्हणाली. कार्डाचा विषय दोघींनीही काढला नाही.

सोमवारी जेरार्ड संगणकासमोर बसले होते. मला हाक मारली ती अशी की मी हातातली इस्त्री तशीच ठेवून धावले. क्लबच्या पानावर विनीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'पाऊस असो की वादळ, आमची विनी हजर. क्रॉफ्टन ब्रिज, शनिवार.' आणि त्याच पानावर थोडं खाली, 'ऑस्ट्रियापर्यंत आलेल्या आमच्या एकाहत्तर चाहत्यांचे आभार.' एकाहत्तर नावं. सर्वांत पहिलं नाव डब्ल्यू. ॲशवर्थ, कारण इंग्रजी वर्णमालेत तिचं आडनाव आधी येतं.

त्याखाली लोकांनी लिहायला सुरुवात केली होती. एकानं विचारलं होतं, 'विनीला पंख फुटले का?' दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'मी पाचशे नव्याण्णवावरून सहाशे एकवर गेलो. दोन्हीकडचे गुण लोक कसे मिळवतात ते आता कळलं.'

"संत अँथनीलासुद्धा एका वेळी दोन ठिकाणी दिसल्याबद्दल इतका त्रास झाला नसेल," जेरार्ड म्हणाले. मी त्यांना संगणक बंद करायला लावला.

गुरुवारी पत्र आलं. पुढच्या मंगळवारी अकरा वाजता क्लबमध्ये हजर व्हा, हवं तर सोबत एक माणूस आणा. मी गेले. विनीनं मिस्सेचा कोट घातला होता. काचेच्या खोलीत मिस डनफर्ड नावाची तिकीट विभागाची प्रमुख बसली होती. तिशीची, वागायला वाईट नव्हती. तिनं आम्हाला पाणी दिलं.

"मिस ॲशवर्थ, त्या शनिवारी तीन वाजता तुम्ही कुठे होता?"

"क्रॉफ्टन ब्रिजला. फोटो तुम्हीच छापलाय."

"मग तुमचं कार्ड ऑस्ट्रियात कसं?"

"माझा संघ ऑस्ट्रियात कसा, ते आधी सांगा."

"तो व्यावसायिक निर्णय असतो."

"म्हणजे तुम्ही माझ्या संघाचे दोन तुकडे केले तर तो निर्णय, आणि मी माझे केले तर गुन्हा."

मिस डनफर्डनं हातातलं पेन खाली ठेवलं. "हे बघा, तुमची एक्केचाळीस वर्षं माझ्यासमोर आहेत. मला तुम्हाला घालवायचं नाही. कार्ड कोणी नेलं तेवढं सांगा. तुम्हाला ताकीद देऊन सोडते, फक्त त्या सामन्याचे गुण कापले जातील. नंबर पाचशे पंचाण्णवच्या आसपास राहील. शिक्षा त्या व्यक्तीला होईल."

विनीनं मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली होती. मला वाटलं ती सांगणार. खरं सांगते, मला वाटलं की तिनं सांगावं. एकाहत्तर माणसांत शोधायचं तर केनला त्यांनी तसंही शोधून काढलं असतं, असं मी मनाशी म्हणत होते. मग माझी मलाच शरम वाटली आणि मी तोंड उघडलं, "ते कार्ड मी..."

विनीनं टेबलाखाली माझ्या पावलावर टाच दाबली.

"पोस्टानं पाठवलं," ती म्हणाली. "कोणाला ते आठवत नाही."

"मिस ॲशवर्थ, मी मदत करायचा प्रयत्न करतेय."

"मग करा ना!" विनी एकदम उभी राहिली, आणि लगेच खुर्चीची पाठ धरून वाकली. "तुम्ही म्हणाल तिथे बसते. शेवटच्या रांगेत बसते, खांबाच्या मागे बसते. उन्हाळ्यातले सगळे गुण काढून घ्या. त्याआधीचे ठेवा. ते मी पायानं कमावलेत हो. मला यादीतून काढू नका. बाई, पाया पडते तुमच्या."

मी विनीला एवढ्या वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं, आईच्या अंथरुणापाशीसुद्धा नाही. मिस डनफर्डचे डोळेही भरले होते. पण तिनं पुन्हा तेच विचारलं, नाव काय. आणि विनीनं पुन्हा मान हलवली.

संपूर्ण हंगामाची बंदी, घरच्या मैदानावरही. गुण शून्य. जेरार्डनी मांडून पाहिलं, पुन्हा सहाशांत यायला विनीला पंचवीस वर्षं लागतील. मी त्यांना म्हटलं, हे तिच्यासमोर बोललात तर जेवण मिळणार नाही.

केन रडत आला. त्याला क्लबमध्ये जाऊन सगळं सांगायचं होतं. विनीनं त्याला दारातच अडवलं. "खबरदार गेलास तर. मॉयरा गेल्यावर तुझ्याकडे तरी काय उरलंय? दोघांनी घरी बसून कोणाचं भलं होणार?"

मी पापकबुली केली. फादर म्हणाले, पश्चात्ताप मनापासून असेल तर क्लबला लिही. मी लिहिलं, कार्ड मी दिलं, कोणाला ते सांगणार नाही, विनीची शिक्षा मला द्या. चार दिवसांत उत्तर आलं. 'आपण आमच्या सदस्य नसल्यामुळे आपल्यावर कोणतीही कारवाई करता येत नाही.' खाली लहान अक्षरांत पुढच्या उन्हाळ्याच्या दौऱ्याची जाहिरात होती.

हंगामाचा पहिला सामना परगावी होता, ऑगस्टमधल्या शनिवारी. सकाळी आठला विनी माझ्या मागच्या दारात उभी.

"तुझ्याकडे बसू का? माझ्या पुढच्या खोलीतून बस दिसते."

मी चहा ठेवला. पावणेनऊला बसचा आवाज आलाच. ती पुढच्या खोलीत नसली तरी रस्ता काही आमच्यापासून लांब गेला नव्हता. विनी कपाकडे पाहत बसली. बस कोपऱ्यावर वळली, चढाला लागली, आणि मग ऐकू येईनाशी झाली. मी बटाटे काढले तर तिनं सुरी ओढून घेतली आणि पिशवीतले होते नव्हते ते सगळे सोलले. आमच्या घरात दोघंच माणसं, आठवडाभर पुरतील एवढे झाले. मी मोठं पातेलं काढलं.

सोलून झाल्यावर तिनं हात पुसले.

"मोना, लोक शनिवारी करतात तरी काय?"

मी सांगायला लागले. सकाळी बाजार. मग आवराआवर. जेरार्ड बागेत असतात. दुपारी थोडं पडायचं. संध्याकाळी चर्चमध्ये फुलं लावायची, तू चल माझ्याबरोबर, फुलांना माणसं कमीच पडतात. ती नीट ऐकत होती, एखाद्या अनोळखी गावाचा रस्ता विचारून घेणारा माणूस ऐकतो तशी. मधे एकदा मानही हलवली.

"आणि तीन वाजता?" तिनं विचारलं.