तडकत राहिलेलं मडकं

वहिनी गेल्याचा दादाचा फोन लातूरहून आला, तेव्हा नांदेडच्या माझ्या टाइल्सच्या शोरूममध्ये एक गिऱ्हाईक वहिनींनीच घडवलेल्या मडक्याला टिचकी मारून बघत होतं. "पक्कं हाय का हो?" त्यानं विचारलं. फोन कानाला तसाच धरून मी "हाव" म्हणालो...

वहिनी लातूरच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. अंगणात त्यांची छोटी भट्टी होती. त्यांची भांडी काही भरून ठेवायला नव्हती, नुसती बघायला होती. दादा त्याला चिखलाचा नाद म्हणायचा आणि भट्टीकडं फिरकायचाही नाही. "कलादालन न्हाई तर न्हाई, भाऊजी, तुमचं दुकान हाय की!" असं म्हणत त्यांनी माझे बेसिनचे नमुने खुशाल बाजूला सारले, भिंतीपासून हातभर पुढं चौथरे मांडले, वरचे झगझगीत दिवे काढून एका अंगानं मंद उजेड सोडला. लोक त्यांच्या भांड्यांनाही बेसिन समजायचे, "ह्याला नळ कुठं बसतो?" विचारायचे, आणि त्या पोट धरून हसायच्या. 'हात लावू नये' ही माझी पाटी तर त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकली. म्हणाल्या, "टिचकी मारल्याबिगर आपल्याकडं मडकं घेतंय का कुणी?"

शेवटचं मडकं घेऊन आल्या तेव्हा दुखण्यानं पार वाळल्या होत्या. मडक्याच्या राखाडी झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे होते. चौथऱ्यावर ठेवलं आणि कुणी हात न लावता ते टिण् वाजलं. मी दचकलोच. "भिऊ नका. भट्टीतून निघाली की झिलई आवळत जाती, तडकत राहती. लई दिवस बोलतं ते." किती दिवस, मी विचारलं. "ते त्याच्या मनावर..."

तेराव्यानंतर आई म्हणाली, तडा गेलेलं भांडं ठेवू नये, गोदावरीत सोडून द्या. दादा चादर घेऊन ते न्यायला आला. वहिनींचं मांडलेलं काम तो पहिल्यांदाच बघत होता. एकेका चौथऱ्याभोवती हळूहळू फिरला. मग मडक्याला हात घातला, आणि... टिण्. दादानं हात तसाच मडक्यावर ठेवला. "बोलून राहिली की रे ही..." चादर तिथंच विसरून तो रिकाम्या हातानं लातूरला परतला.

आता रोज दुकान बंद करायच्या वेळी त्याचा फोन येतो. "आज बोललं का?" मडकं हल्ली फार क्वचित वाजतं. मी पंखे बंद करून, कान देऊन उभा राहतो. ते कायमचं गप्प झालं तर वहिनी दुसऱ्यांदा जातील, याची मला भीती वाटते. काल दिवसभर आवाज नव्हता. दादाला नाही म्हणवेना. मी फोन मडक्याजवळ नेला आणि हळूच टिचकी मारली. टिचकीचा आवाज वेगळा येतो, भरीव. दादाला कळलं असणारच.

तो म्हणाला, "आणखी एकदा वाजव बरं."