आईचे नापास पेरू

मी नववीत असताना वडील इचलकरंजीहून कायमचे घरी आले. यंत्रमागांच्या खडखडाटात उमेदीची सगळी वर्षं घालवून त्यांचे कान गेले होते, आणि हाक ऐकू न येणारा माणूस मालकाला शेडमध्ये नको होता. तेव्हापासून आम्ही घरात ओरडूनच बोलायला लागलो. शेजाऱ्यांना वाटायचं, यांच्यात रोज भांडणं चालतात. आई दुसऱ्यांच्या उसात भांगलायला, म्हणजे तण काढायला, जायची. आमची स्वतःची जमीन म्हणजे गारगोटी गावाच्या बाजूला बारा गुंठे माळ, नुसता मुरूम. तिथं गवतसुद्धा नाइलाजानं उगवायचं.

नववीचा निकाल लागला तशी आई म्हणाली, "बास झालं शिकणं. आता माझ्यासंगं भांगलायला चल." तिचं काही चुकत नव्हतं. घरात सर्वांत जास्त शिक्षण वडिलांचं, चौथी, आणि त्या चौथीनं काय दिलं ते आमच्या समोर बसलेलं होतं.

आमचे सर हायस्कूलात विज्ञान शिकवायचे. शाळेच्या मागेच त्यांची स्वतःची फळबाग होती. दोन्हीकडे त्यांचं वागणं सारखंच. बागेतल्या बुंध्यांवर गेरूनं हजेरी नंबर घातलेले. झाडांच्या ओळींना ते बाक म्हणायचे. वर्गाची हजेरी झाली की बागेची व्हायची, आणि प्रत्येक झाडाच्या वतीनं एकेकानं 'हजर' म्हणायचं. माझ्याकडे सतरा नंबरचा अंजीर होता. तो तीन वर्षं फळला नाही, तेव्हा सरांनी त्याच्या पालकाला, म्हणजे कलम देणाऱ्या नर्सरीवाल्याला, शाळेत बोलावून घेतलं. तो बिचारा आलाही, आणि अर्धा तास मान खाली घालून उभा राहिला.

मी शाळा सोडणार हे कळल्यावर सर घरी आले. मला वाटलं, शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगतील. ते थेट माळावर गेले, मुरूम चिमटीत धरून हुंगला आणि आईला म्हणाले, "हितं पेरू येतोय. तीस कलमं देतो, फुकट. फळ धरलं की तोडायला माणूस लागंल, तवा पोरगीला घरात ठेवा. पण पेरू पास झाल्यावर. तवर ती शिकंल."

"पास म्हंजे वो?"

"मी तपासणार की."

आईनं विचार केला, दीड-दोन वर्षांची तर गोष्ट. ती हो म्हणाली. वडिलांना यातलं काहीच ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनीही मान हलवली.

मी अकरावीत असताना पहिलं फळ धरलं. आई पेरूंनी भरलेली पाटी घेऊन सरांकडे गेली आणि तासाभरात परत आली. एका पेरूवर लाल पेनानं काहीतरी लिहिलेलं होतं. आईला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं: 'दहापैकी साडेतीन. बिया फार.' पुढच्या वर्षी शेरा होता, 'देठ आखूड.' त्यापुढं 'गोडी आहे, शिस्त नाही.' आईनं माझी नववी-दहावीची सगळी वह्या-पुस्तकं फाडून फळांना कागदी पिशव्या बांधल्या. त्या वर्षी झाडावर बीजगणित लटकत होतं. निकाल: 'दिसायला बरा. आत्मविश्वास कमी.'

आई रात्रंदिवस त्या झाडांत असायची. नापास पेरू गारगोटीच्या बाजारात मात्र हातोहात खपायचे. लाल शेऱ्याचा पेरू कुणी हातात घेऊन विचारलं, बाई, हे काय लिवलंय, तर आई खरं सांगायची की नापास झालाय. गिऱ्हाईक खाऊन बघायचं आणि म्हणायचं, नापास असा, तर पास कसला असंल? सरांनी सांगितलेली छाटणी आणि खत आमच्या मुरमाला असं मानवलं होतं की घरातल्या आमटीत डाळ दिसायला लागली. आईच्या डोक्यात मात्र एकच होतं, पेरू पास झाला पाहिजे. पोरगी घरात ठेवायची म्हणून नव्हे. ती गोष्ट केव्हाच मागं पडली होती. तिला तिच्या फळाचा अपमान सहन होत नव्हता.

मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्र शिकत होते, तेव्हा एकदा आईचा पेरू प्रयोगशाळेत कापून नीट तपासला. त्यात काहीही दोष नव्हता. सर का नापास करतात ते मला त्या दिवशी कळलं. आईला मी सांगितलं नाही. पास झाला असता तर तिनं मला परत नेलं असतं, असं नाही. पण खात्रीही नव्हती, आणि मला पदवी हवी होती. हे मी आज सरळ लिहिते.

पाचव्यांदा नापास झाल्यावर आई म्हणाली, "त्या मानसाच्या दारात मी आता पाटी घिऊन जायची न्हाय." आणि गेली नाही. मी पदवी घेतली, बी.एड. केलं, विनाअनुदानित शाळांत बरीच वर्षं घासली. आईचे पेरू तपासायचे राहिले ते राहिलेच.

मग सरांची पंचाहत्तरी आली. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं, सरांची फळतुला करायची. एका पारड्यात सर, दुसऱ्यात विद्यार्थ्यांनी आणलेली फळं. गुळाच्या अडतीतून जुना मोठा तराजू आणला. आईनं न सांगता-सवरता पाटी भरली आणि इरकल लुगडं नेसलं. मी म्हटलं, आई, तिथं फळं तपासत नाहीत, नुसती तोलतात.

"तो मानूस पारड्यात बसणार आन तपासणार न्हाय व्हय?" आई म्हणाली.

सर फेटा बांधून, मांडी घालून पारड्यात बसले. सरांचं वजन जेमतेम पन्नास किलो, म्हणून कुणाला काळजी नव्हती. हलगीवाले काठ्या उगारून तयार. समितीच्या अध्यक्षांनी, जे आता मोठे व्यापारी आहेत, परदेशी सफरचंदांच्या चार पेट्या ओतल्या. सरांनी एक मागून घेतलं, त्यावरचा स्टिकर नखानं काढला आणि विचारलं, हे कुणी पिकवलं? अध्यक्ष म्हणाले, विकत आणलंय, सर. सर म्हणाले, "मग ज्यानं पिकवलं त्याची तुला कर जा." चारही पेट्या खाली उतरल्या. मग चिकू झाले, सीताफळं झाली, केळी झाली. प्रत्येकातलं एक सर चाखायचे आणि उरलेलं परत पाठवायचे. म्हणजे फळांचं पारडं हलकं होत होतं आणि सर जड. पपईकडे हात लांबवताना ते इतके झुकले की पारडं हललं, आणि तुला झाली समजून हलगी वाजली. निवेदकानं अभिनंदनही करून टाकलं. वडील मला ओरडून विचारत होते, "किती झालं?" सगळं मैदान ऐकत होतं.

तेवढ्यात आई पाटी घेऊन पुढं गेली. पारड्यात टाकली नाही. सरांच्या पुढ्यात ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

सरांनी पेरू उचलला, फिरवून बघितला. चाखला नाही. आईला विचारलं, "पोरगी काय करतीया?"

"बावड्याला हायस्कूलात शिकिवती."

"कायम झाली?"

"दोन वर्सं झाली की."

सरांनी शालीखालून खिशातला लाल पेन काढला. "मग पास," म्हणाले.

आई म्हणाली, "येवढ्यासाठी मला पाच वर्सं घोळवलं व्हय?"

"तुमास्नी न्हाय, पेरूला."

मैदान हसलं. आई हसली नाही. पाटीत पेरू होते तेवढे सगळे तिनं एकेक करून पुढं केले आणि प्रत्येकावर मार्क घालून घेऊन फळांच्या पारड्यात ठेवले. सरही मुकाट्यानं घालत बसले. शेवटी समोरच्या खुर्चीवरून काकी, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, उतरा आता, माझं जेवण राहिलंय.

तुला काही झाली नाही. फळांच्या पारड्यात फक्त आईचे पेरू होते, आणि तेवढ्यानं सर तसूभरही वर उचलले गेले नाहीत. पण आईचे सगळे पेरू पास झाले, दहापैकी दहा. तोवर मी पदवी घेऊन शिक्षिका म्हणून कायम झाले होते.